वकिलाच्या दारातला बाक

अण्णाराव वकिलांच्या घरी दीपमालाचं बारसं झालं ते साल दोन हजार एक. त्याच महिन्यात त्यांनी कोर्टासमोरच्या गल्लीत स्वतःची जागा घेतली आणि दारावर नावाची पाटी लावली. मुलगी पायगुणाची निघाली, असं घरातले म्हणत. बारशाचे पाहुणे पांगल्यावर चारच दिवसांत मला टेंपोतून उतरवून त्या दारात ठेवलं. मित्रांनो, मी बाक आहे. बाभळीच्या लाकडाचा, चार माणसं बसतील एवढा लांब. त्या वेळी शहराला सगळे उस्मानाबाद म्हणायचे. आता पाट्यांवर धाराशिव लिहिलेलं असतं.

मला बिराप्पा मिस्त्रींनी घडवलं. बाभळीचं लाकूड कठीण, रंधा लवकर चालत नाही. मिस्त्री शिव्या देत काम करायचे, पण सांधे इतके घट्ट बसवले की अजून एकही हललेला नाही. अण्णाराव बघायला आले तेव्हा म्हणाले, "मिस्त्री, पाठीला टेकण देऊ नका. पक्षकार झोपतील इथं."

"झोपू द्या की साहेब," मिस्त्री म्हणाले, "जागं राहून तरी कोर्टात काय लवकर हुतंय?"

अण्णाराव हसले आणि मला टेकण मिळालं.

पहिली वर्षं चांगली गेली. अण्णाराव तेव्हा बारीक होते, सायकलवर यायचे. आलेल्या माणसाला आत बोलावण्याआधी ते स्वतःच बाहेर येऊन माझ्यावर बसत आणि त्याचं सगळं बोलणं ऐकून घेत. मध्ये बोलत नसत. बायामाणसं रडली तर शिवानंदला पाणी आणायला सांगत. शिवानंद म्हणजे त्यांचे मुन्शी. कागद टाइप करून आणणं, कोर्टात अर्ज नेऊन देणं आणि आलेल्यांना पुढची तारीख सांगणं, ही त्यांची कामं.

कोर्टाच्या व्हरांड्यात बसायला जागा नसायची. म्हातारी माणसं भिंतीला टेकून उभी राहात. म्हणून अण्णारावांनी आपल्या पक्षकारांसाठी एक रीत घालून दिली. त्यांनी कोर्टात यायचं नाही, इथं बाकावर बसायचं. कोर्टाचा पट्टेवाला दारात येऊन ज्याचं काम असेल त्याच्या नावानं हाक मारतो, त्याला पुकारा म्हणतात. पुकारा झाला की शिवानंदनं येऊन माणसाला घेऊन जायचं. सुरुवातीला ही रीत मायेपोटीच होती, हे मी सांगू शकतो. लोक म्हणायचे, या वकिलाच्या दारात माणसाला बसायला तरी मिळतं.

कोंडिबा सरवदे पहिल्यांदा आले ते दोन हजार तेरा साली, उन्हाळ्यात. बेंबळीचे. बरोबर बायको बनाबाई. दोघं माझ्या एका कडेला अंग चोरून बसले. बाकी सगळी जागा रिकामी होती.

अण्णारावांनी विचारलं, "मामा, काय काम काढलं?"

कोंडिबांनी सांगितलं. त्यांचं तीन एकर रान ओढ्याच्या पलीकडं होतं. तिथं जायचा गाडीरस्ता उत्तरेश्वर नावाच्या शेजाऱ्याच्या बांधावरून. कोंडिबांच्या आजापासून त्याच रस्त्यानं बैलगाडी जायची. त्या वर्षी उत्तरेश्वरनं रस्त्यात चर खणला आणि वर काटे टाकले. आता रानात जायचं तर ओढ्यातून. उन्हाळ्यात ओढा कोरडा असतो, पण पावसाळ्यात छातीएवढं पाणी येतं, आणि रानातलं काम तर पावसाळ्यातच असतं.

"बी डोक्यावर नेऊन पेरता यील," बनाबाई म्हणाल्या. "माल कसा आणावा? पोतं डोक्यावर घेऊन वड्यात उतरायचं म्हंजे पोतं बी जायाचं आन् माणूस बी."

"तसं काही होऊ देणार न्हाई मी," अण्णाराव म्हणाले.

आणि त्यांनी होऊ दिलं नाही. दावा दाखल केला. दाव्याचा निकाल लागेपर्यंत रस्ता अडवू नये, असा मनाई हुकूम दोन महिन्यांत आणला. उत्तरेश्वरला चर बुजवावा लागला. त्या हिवाळ्यात बनाबाई हुरडा घेऊन आल्या. शेणीच्या आरावर भाजलेला हुरडा, शेंगदाण्याची चटणी, गूळ. अण्णाराव, शिवानंद, कोंडिबा, सगळे माझ्यावर बसून खात होते. ज्वारीचे दाणे माझ्या फळ्यांच्या फटीत अडकले आणि चिमण्या कितीतरी दिवस येत राहिल्या.

"वकीलसाहेब, बैल रस्ता इसरले न्हाईत," कोंडिबा म्हणाले. "गाडी जुपली की आपली आपण वळली."

माझ्या आयुष्यातला तो चांगला दिवस होता.

मग अण्णारावांची वकिली मोठी झाली. शहराच्या कडेला प्लॉट पडू लागले. त्यांचे कागद करता करता अण्णाराव स्वतःच प्लॉटच्या धंद्यात शिरले. आत काचेची खोली झाली, थंड हवेचं यंत्र लागलं. मागच्या बाजूनं एक दार पाडलं. त्या दारानं गाडीत बसून निघून जाता यायचं आणि माझ्यावर बसलेल्यांना ते कळायचं नाही. माझ्यावर बसून ऐकायचं त्यांनी कधी सोडलं, ते सांगता येत नाही. एक दिवस लक्षात आलं की बरेच दिवस ते बसलेले नाहीत.

दोन हजार सोळामध्ये शिवानंद एका सकाळी आतल्या दाराशी उभे राहून हळू आवाजात बोलत होते. मी दाराला लागूनच आहे, त्यामुळं ऐकलं.

"साहेब, बेंबळीच्या मामाचा दावा काल उडाला. साक्षीची तारीख व्हती. मामा हितं बाकावर बसलेले, मी बी तुमच्यासंगं भाईर. पुकारा झाला तवा कोर्टात आपलं कुणीच न्हवतं. वादी गैरहजर म्हणून काढून टाकला."

"काल आपण प्लॉटच्या मोजणीला होतो ना रे."

"व्हय साहेब."

"महिन्याच्या आत अर्ज दिला की परत लागतो. देऊ आपण."

"मामा आज परत आलेत. भाईर बसलेत."

मग अण्णाराव म्हणाले, "आज सांगू नको. तारीख पडली म्हण."

शिवानंद बाहेर आले आणि म्हणाले, "मामा, तारीख पडली."

"पडंना का," कोंडिबा म्हणाले आणि पिशवी उचलून एसटी स्टँडकडं गेले.

अर्ज द्यायचा राहिला. महिना गेला, वर्षही गेलं. अण्णारावांच्या मनात कोंडिबांविषयी वाईट काही नव्हतं. दिसले की विचारपूस करायचे, चहा सांगायचे. पण खरं सांगायला आज जड वाटलं म्हणून उद्यावर गेलं, आणि उद्या ते आणखी जड झालं. पुढं पुढं तारीख सांगणं ही नुसती सवय झाली. शिवानंद भिंतीवरच्या कॅलेंडरकडं बघून सोयीचा एखादा वार सांगायचे. कोंडिबा तो वार बोटांवर मोजून लक्षात ठेवायचे. दाव्यात आता जीव नव्हता, आणि त्या दाव्यासाठी कोंडिबा बेंबळीहून येऊन माझ्यावर बसत होते. सकाळच्या गाडीनं यायचे. दुपारी भाकरी सोडायचे, शेजारी बसलेल्याला अर्धी द्यायचे. संध्याकाळी तारीख घेऊन जायचे.

दावा उडाला तसा मनाई हुकूमही गेला होता. उत्तरेश्वरला ते त्याच्या वकिलानं सांगितलं. त्यानं बांधावरचा रस्ता नांगरला आणि त्यात सोयाबीन पेरलं. कोंडिबा तडक अण्णारावांकडं आले. त्या दिवशी ते बसले नाहीत, माझ्या टेकणाला धरून उभे राहिले.

"साहेब, रस्ता नांगरला त्यानं. वर म्हणतोय, कोंडिबा, तुझा दावा कवाच उडालाय, जा इचार तुझ्या वकिलाला."

अण्णाराव काचेच्या दारात उभे होते. "मामा, तो विरोधातला माणूस. तो दुसरं काय म्हणणार? तुम्ही त्याचं ऐकता का माझं?"

"तुमचंच की साहेब."

"मग बसा. कोर्टात बघतो त्याला."

कोंडिबा बसले. मित्रांनो, या सगळ्यात त्यांना खरं सांगणारा एकच माणूस होता, तो म्हणजे उत्तरेश्वर. आणि त्याचं खरं मानायचं कोंडिबांना काही कारण नव्हतं. गावात सगळे हेच करतात. भांडणातल्या माणसाचा शब्द कानाआड करायचा आणि आपण धरलेल्या माणसाचा उशाला घ्यायचा. बैल त्यांनी पुढच्या वर्षी विकले. गाडीच जात नाही तर बैल कशाला, असं बनाबाई म्हणाल्या. रान पडीक राहिलं नाही. दोघं डोक्यावरून खत नेत होते, ओढ्याला पाणी आलं की वाट बघत होते.

कोंडिबांची मुलगी क्षमा कळंबच्या एका शाळेत शिकवायची. ती म्हणायची, आबा, आता दाव्याचं मोबाईलवर कळतं, मी बघते. कोंडिबा म्हणायचे, वकील असताना मोबाईलाला काय इचारायचं, साहेबास्नी वाईट वाटंल.

दोन हजार एकोणीसच्या दिवाळीआधी ऑफिसला रंग द्यायचं ठरलं. रंगाऱ्यांनी मला उचलून रस्त्यापलीकडं, कोर्टाच्या आवारात लिंबाखाली नेऊन ठेवलं. अण्णाराव सोलापूरला गेले होते. त्या दिवशी कोंडिबांना तारीख दिलेली होती. क्षमाला सुट्टी होती म्हणून तीही बरोबर आली. दारात मी दिसलो नाही तेव्हा कोंडिबा भांबावले. मग त्यांनी इकडं तिकडं पाहिलं, मला ओळखलं आणि येऊन बसले. क्षमा हसली. "आबा, कुठं बी ठिवला तरी तुमी ह्याच्यावरच बसणार काय?"

"साहेबानी बस म्हणलंय," ते म्हणाले.

इतकी वर्षं मी कोर्टासमोर होतो, पण पुकारा कधी ऐकला नव्हता. गल्लीत तो ऐकू येत नाही. लिंबाखाली प्रत्येक नाव स्पष्ट येत होतं. पट्टेवाला व्हरांड्यात यायचा, नाव, बापाचं नाव, गाव, असं तीनदा म्हणायचा आणि आत जायचा. कोंडिबा प्रत्येक वेळी मान वर करत होते.

दुपार झाली तरी त्यांचं नाव आलं नाही. क्षमानं मोबाईल काढला आणि आबांचं नाव घालून शोधलं. पुन्हा शोधलं, पुन्हा तेच आलं.

"आबा, चला घरी."

"आजून पुकारा न्हाय झाला."

"हुणार न्हाय. दावा काढून टाकलाय. दोन हजार सोळाला. हितं लिहिलंय."

"मोबाईलात काय बी येतं."

"आबा."

"पुकारा हुऊ दे, मग बोलू," कोंडिबा म्हणाले.

तिनं भाकरी सोडली. त्यांनी खाल्ली नाही. नावं येत राहिली, माणसं आत जात राहिली, बाहेर येत राहिली. ऊन लिंबाच्या एका बाजूनं दुसऱ्या बाजूला गेलं. शेवटी पट्टेवाल्यानं दाराला कुलूप लावलं आणि तो पायऱ्या उतरून आला. कोंडिबांनी उठून त्याला विचारलं, "झाले का सगळे पुकारे?"

"झाले मामा. तुमचं नाव काय?"

कोंडिबांनी नाव सांगितलं, बापाचं सांगितलं, गाव सांगितलं.

"मला इथं दोन वर्स झाली," तो म्हणाला. "हे नाव म्या कधी घेतलं न्हाय."

तो सायकल घेऊन गेला. कोंडिबा परत माझ्यावर बसले. रडले नाहीत, रागावले नाहीत. क्षमानं शेवटची गाडी सुटेल म्हणून हाताला धरून उठवलं तेव्हा उठले.

दोन दिवसांनी बापलेक पुन्हा आले. मी रंग दिलेल्या दारात परत आलो होतो. अण्णाराव बाहेर आले, क्षमानं पुढं धरलेला मोबाईल वाचला आणि कितीतरी वर्षांनी माझ्यावर बसले.

"मामा, चूक झाली," ते म्हणाले. "परत लावून घेऊ. उशीर झालाय, पण अर्ज देता येतो."

कोंडिबांनी एकच विचारलं. "दावाच न्हवता, तर मला बोलवत कशाला व्हता?"

अण्णाराव म्हणाले, "सांगायचं राहून गेलं."

"एवढी वर्स?" क्षमा म्हणाली.

"पोरी, तू शिकलेली आहेस. माझी पण बाजू समजून घे."

"तुमची बाजू मांडायला वकील लावा साहेब. चांगला बघून लावा."

तिनं मुंबईला बार कौन्सिलकडं तक्रार पाठवली. वकिलांवर देखरेख ठेवणारी ती संस्था असते. मग गावातली मोठी माणसं बेंबळीहून येऊ लागली. आधी आत जाऊन अण्णारावांशी बोलायची, मग कोंडिबांना बोलावून माझ्यावर बसवायची. तक्रार मागं घ्या, साहेब तुमचं काम आयुष्यभर फुकट करतील, असं म्हणायची. कोंडिबा ऐकून घ्यायचे. एकदा ती माणसं उठून गेल्यावर त्यांनी क्षमाला विचारलं, "ह्या तक्रारीनं रस्ता हुईल का?"

"न्हाय आबा. रस्त्याला निराळा अर्ज करायचाय. ह्यानं एवढंच हुईल की दुसऱ्या कुणाला हे असं बसवून ठेवणार न्हाईत."

"मंग दोन्ही कर," ते म्हणाले.

मधल्या काळात साथ आली, सगळं बंद होतं. मी धुळीत उभा होतो. पुढं चौकशी सुरू झाली. कोंडिबा मुलीबरोबर मुंबईला गेले. तिथं काय झालं ते मला शिवानंदच्या तोंडून कळलं, कारण त्यांनाही साक्षीला बोलावलं होतं. अण्णारावांच्या वकिलानं म्हटलं, पक्षकारानंच दाव्यात लक्ष घातलं नाही. समितीतल्या एका साहेबांनी कोंडिबांना विचारलं, "एवढ्या वर्षांत तुम्ही स्वतः कोर्टात जाऊन का पाहिलं नाही?"

कोंडिबा म्हणाले, "वकील म्हणले बस. बसलो."

शिवानंदनं तिथं खरं सांगितलं. साहेबांनी सांगितलं तशी मी तारीख सांगत होतो, असं म्हणाले. परत आल्यावर त्यांनी ऑफिसच्या किल्ल्या टेबलावर ठेवल्या. अण्णारावांनी त्यांना थांब म्हटलं नाही.

निकाल दोन हजार तेवीसमध्ये लागला. अण्णारावांची सनद दोन वर्षांसाठी काढून घेतली. सनद म्हणजे वकिली करायचा परवाना. पाटी उतरवली तेव्हा भिंतीवर तिच्या मापाचा जुना रंग दिसला. सामान न्यायला दीपमाला आली होती. ती कपाटं, खुर्च्या बघत होती. शिवानंदनी मला मागून घेतलं तेव्हा तिनं त्यांना विचारलं, "काका, बाबा पहिल्यापासून असेच होते?"

"न्हाय ताई," शिवानंद म्हणाले. "पहिल्यांदा ते भाईर बसायचे."

ती आत जाऊन खुर्च्या उचलू लागली.

शिवानंदनी कोर्टाच्या फाटकाजवळ झेरॉक्सचं छोटं दुकान टाकलं. मी आता त्याच्या पुढं असतो. इथली जमीन उंचसखल, चौघं बसले की मी डुलतो, म्हणून एका पायाखाली फरशीचा तुकडा दिला आहे. प्रीती नावाच्या तरुण वकीलबाईंनी कोंडिबांचा अर्ज चालवला. उशीर माफ झाला आणि दावा पुन्हा नंबरावर आला. त्या कोंडिबांना दर तारखेला हाताला धरून आत नेऊन बसवायच्या. पण रस्ता तसाच होता. मनाई हुकूम पुन्हा मागायचा होता, आणि त्या जागी सात वर्षं सोयाबीन पेरलं जात होतं. कोंडिबांचे पाय सुजू लागले होते. ते म्हणायचे, रस्ता झाला की एक डाव गाडीत बसून रानात जाणार, गाडी भाड्यानं आणू.

दोन हजार चोवीसच्या ऑगस्टअखेर तारीख होती. त्या दिवशी बनाबाई एकट्याच आल्या आणि माझ्या कडेला बसल्या. शिवानंदनी चहा सांगितला.

"मामा न्हाय आले?"

"गेले ते," बनाबाई म्हणाल्या. "मला रानातच ठिवा म्हणले व्हते."

शिवानंद मशीन बंद करून त्यांच्याजवळ येऊन बसले.

"मग रानात नेलं?"

"नेलं. वड्याला पाणी व्हतं. गावातल्या पोरानी खांद्याच्या वर धरून नेलं. दोनदा तिरडी कलंडली." त्यांनी बशीतला चहा फुंकला. "उत्तरेश्वर बांधावर उभा व्हता. टोपी काढून. ह्या रस्त्यानं न्या म्हणला न्हाय. आमी बी इचारलं न्हाय. पोरं म्हणली, सोयाबीन तुडवत जाऊ. क्षमा म्हणली, नको. दावा चालू हाय."

वारसांची नावं लावायला प्रीतीबाईंनी त्यांना आत बोलावलं. त्या उठून गेल्या.

मित्रांनो, मला कुणी काही सांगितलं तरी मी उत्तर देऊ शकत नाही, मी लाकूड आहे. तुम्हाला तोंड आहे. कुणाचं काम तुम्ही हातात घ्याल, आणि ते तुमच्या हातून बिघडेल. तसं होतं. त्या दिवशी संध्याकाळच्या आत त्याला सांगा. तो माणूस कुठंतरी बसलेला असतो, आणि तुम्ही सांगेपर्यंत तो उठत नाही.

कोंडिबा सरवदे, राहणार बेंबळी, हे दहा ऑगस्ट दोन हजार चोवीस रोजी, शनिवारी सकाळी घरी वारले. त्या दिवशी रस्ता बंद होता.